पडदी नसलेला डबा

बारामतीच्या छोट्या गाडीचा एक डबा मी लाकडात केला होता. तेरा इंच लांब, साडेतीन इंच रुंद. त्या डब्याच्या जोरावर मी शेळगावच्या एका बाईला तिच्या नवऱ्याची एकुलती एक आठवण खोटी ठरवून दाखवली. रागाच्या भरात नव्हे, अगदी शांतपणे, मोजमापाची वही हातात धरून. मी चुकलो होतो हे मला दोन वर्षांनी कळलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे ही, पण तिचा सल अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी तेव्हा बारामतीच्या एका शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवत असे. मोजण्याचं वेड मला लहानपणापासूनचं. खिशात पेन नसलं तरी चालेल, पण घडीची फूटपट्टी असायचीच. बायको म्हणायची, "पानात पोळी वाढली की तुम्ही आधी तिचा व्यास बघता, मग तुकडा मोडता." शाळेतले सहकारी तर मला बघून मुद्दाम सरळ उभे राहायचे, उंची कमी भरू नये म्हणून. मला त्या चेष्टेचा राग येत नसे. उलट मनातून बरंच वाटायचं, की गावात एक तरी माणूस आहे जो अंदाजपंचे बोलत नाही.

इंदापूरला तालुक्याचं शेती-प्रदर्शन भरणार होतं. बियाणं, अवजारं, मोटेची पंपाशी तुलना, माळेगावला उभ्या राहत असलेल्या साखर कारखान्याचा मोठा नकाशा, असं सगळं त्यात होतं. एक कोपरा 'आपला भाग, काल आणि आज' यासाठी राखला होता आणि त्यात काहीतरी ठेवावं म्हणून आम्हा शिक्षकांना विचारलं. मी लगेच म्हणालो, दौंड-बारामती गाडीचा डबा करतो. अगदी सुरुवातीचा, गाडी पहिल्यांदा धावली तेव्हाचा, तिसऱ्या वर्गाचा.

सुरुवातीचा डबा शोधायचा कसा? स्टेशनच्या बाजूच्या रुळावर दुरुस्तीचे डबे उभे असत. तिथल्या सुतारमिस्त्रींची आणि माझी ओळख होती. त्यांनी मला एक डबा दाखवला, त्याच्या खालच्या लोखंडी पट्टीवर जुना ओतीव बिल्ला होता. अक्षरं झिजलेली, पण साल वाचता येत होतं, गाडी सुरू झाली त्या काळचं. मी म्हणालो, "हाच." बिल्ला जुना म्हणजे डबा जुना, एवढा साधा हिशेब मी केला. मिस्त्रींना विचारलं, "हा पहिल्यापासून असाच आहे ना?" ते म्हणाले, "मी आलो तवापासनं असाच हाय." ते येऊन वीसेक वर्षं झाली होती. त्याआधीची आणखी वीसेक वर्षं मी त्यांच्या त्या एका वाक्यात सहज भरून टाकली.

चार रविवार मी त्या डब्यात घालवले. बाकांची उंची, खिडक्यांच्या झडपांमधल्या पट्ट्या, दाराची कडी, छपराची कमान, पायदानाचा पुढे आलेला भाग, सगळं वहीत उतरवलं. मग एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात घरी काम सुरू केलं. सागवानाचे तुकडे, छपराला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, कड्यांना टाचण्या. एकेका झडपेत सात पट्ट्या होत्या, म्हणून मीही सातच बसवल्या. पाच बसवल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मला कळलं असतं ना. डबा झाला तेव्हा मी त्याच्यापुढे सुबक अक्षरांत पाटी लिहिली: 'बारामतीच्या छोट्या गाडीचा पहिला डबा. हुबेहूब.'

प्रदर्शनात गर्दी कारखान्याच्या नकाशापुढे होती. तरी माझ्यापुढेही लोक थांबत, वाकून आत बघत, "आयला, बाकं बी हायती" म्हणत. मी हाताची घडी घालून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पन्नाशी उलटलेली बाई मुलाबरोबर आली. मुलगा ओळखीचा होता. शेळगावचा, कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची करायचा आणि बाजारच्या दिवशी बैलगाडीनं माल बारामतीला आणायचा. आमच्या घरची भाजी त्याच्याकडचीच. त्याची आई डब्यापुढे खाली बसली आणि एका खिडकीला डोळा लावून बराच वेळ आत बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"मास्तर, ह्यात पडदी कुठं हाय?"

"कसली पडदी, मावशी?"

"बायकांच्या अंगाची. लाकडाची पडदी व्हती मधी. हिकडं बाया, तिकडं बाप्ये. आन् त्या पडदीला झरोका व्हता, हात जाईल एवढा. सरकवायची फळी व्हती त्याला."

मी हसलो. म्हणालो, "नाही मावशी, अशी पडदी या डब्यात नाही. मी प्रत्येक फळी मोजलीय."

"व्हती की. मी बसलेय त्यात. लगीन करून येताना. गाडी तवा नवी व्हती."

आजूबाजूला चार माणसं जमली. त्यात प्रदर्शनाचे एक परीक्षकही होते. त्यांनी कपाळाला आठी घालून विचारलं, "काय म्हणतायत बाई?" मी घाईनं म्हणालो, "काही नाही, त्यांचा गैरसमज झालाय." ते पुढे गेले. माणसंही पांगली. बाई मात्र तिथंच बसून होती. मुलगा जरा बाजूला नांगर बघायला गेला, तेव्हा ती हळू आवाजात बोलली. जे बोलली ते तिनं पोटच्या मुलापुढे बोलणं शक्यच नव्हतं.

तिचं माहेर दौंडजवळचं. लग्न लावून वऱ्हाड गाडीनं बारामतीपर्यंत आलं, पुढे बैलगाड्यांनी शेळगावला. गाडीत सासू, चुलतसासू, नणंदा सगळ्या पडदीच्या अलीकडे. नवरा पलीकडे, नेमका झरोक्याला लागून. ही इकडून झरोक्याला लागून. चौदा वर्षांची पोर, डोक्यावरून पदर, माहेर सुटल्याचं रडू दाटलेलं. तेवढ्यात झरोक्याची फळी सरकली आणि एक हात आत आला. मुठीत भुईमुगाचे सोललेले दाणे. तिनं घेतले. थोड्या वेळानं पुन्हा हात. बारामती येईपर्यंत तो पलीकडे शेंगा सोलत होता आणि दाणे अलीकडे येत होते. सासूला पत्ता लागला नाही.

"पोराचं वडील," ती म्हणाली. नाव तिनं घेतलं नाही. "पुढच्या सालच्या तापाच्या साथीत गेलं. पोर पोटात व्हतं. घरात चारचौघांत बोलायची रीत नव्हती, बोलणं असं झालंच न्हाय आमचं. त्यो हातच काय त्यो."

आता यावर माणसानं काय करावं? गप्प बसावं. नाहीतर म्हणावं, असेल हो मावशी, वेगळा डबा असेल तुमचा. मला दोन्ही सुचलं नाही. माझ्या डोक्यात 'हुबेहूब' ही पाटी होती आणि परीक्षकांच्या कपाळावरची आठी होती. मी म्हणालो, "मावशी, दाणे दिले असतील त्यांनी, मी नाही म्हणत नाही. पण मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरून बाहेरून खिडकीतून दिले असतील. इतक्या वर्षांत माणसाच्या मनात एकाचं दुसरं होतं."

"उतरलं न्हाईत ते," ती म्हणाली. "गाडी चालत व्हती. हात हलत व्हता."

डब्याला पहिला नंबर मिळाला. तिथं हा विषय संपायला हवा होता. पण मला चैन पडेना. कुणीतरी माझ्या कामात चूक काढली होती आणि बोललेलं मागे न घेता ती बाई उठून गेली होती. पुढच्या बाजाराला तिचा मुलगा भाजी घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "आईला एकदा घेऊन ये. खरा डबाच दाखवतो, म्हणजे त्यांची शंका फिटेल." तो म्हणाला, "कशाला मास्तर, ऱ्हाऊ द्या की. तिला तसं वाटतंय तर वाटू द्या." मी म्हणालो, "असं कसं? खरं काय ते कळायला नको?" मी त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक, त्यात मी मास्तर. त्याला नाही म्हणता आलं नाही.

पंधरा दिवसांनी ती आली. सकाळी दहाचा सुमार. डबा बाजूच्या रुळावर उभा होता आणि मिस्त्री शेजारी रंधा मारत होते. ती पायदानाशी आली, वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि मग वर चढली. देवळात जाताना काढतात तशा. मी ते बघितलं आणि तरीही मला काही वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आत मी तिला सगळं नीट दाखवलं. वर्गात फळ्यावर समजावतो तसं. "हे बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत बाक सलग आहे. पडदी असती तर इथं तुटलं असतं. ही भिंत बघा, रंग एकसारखा. जमीन बघा. कुठं खाच आहे? कुठं खिळ्याचं भोक आहे?" मी फूटपट्टीनं भिंतीवर टकटक करत पुढे जात होतो. ती माझ्यामागून येत होती. मध्यावर ती थांबली, भिंतीवर तळवा ठेवला आणि हळूहळू वरून खाली फिरवला. मग बाकावर बसली. खांदा एका बाजूला किंचित कलता करून बसली होती, जणू तिथं टेकायला काहीतरी आहे.

खिडकीतून खाली वाकून तिनं मिस्त्रींना विचारलं, "मिस्त्री, तुमी बगितली व्हती का हो पडदी?"

"न्हाय बाई. मी आल्यापासनं ह्यो मोकळाच हाय."

ती आणखी थोडा वेळ बसली. मी घड्याळ बघितलं, मला शाळा होती. मग ती उठली आणि म्हणाली, "तुमचंच खरं, मास्तर. मीच येडी. कायतरीच धरून बसले इतकी वर्सं." आणि हसली. मीही हसलो. "होतं असं," मी म्हणालो. त्या दिवशी मी शाळेत फार खुशीत शिकवलं.

दोन वर्षं गेली. माळेगावचा कारखाना सुरू झाला, उसाच्या गाड्यांची रस्त्यावर रांग लागायला लागली. मुलगा अधूनमधून भाजी द्यायचा, आई बरी आहे म्हणायचा. मी पडदीचा विषय विसरून गेलो होतो, खरोखर विसरलो होतो.

एके दिवशी मिस्त्रींनी शाळेच्या शिपायाकडे निरोप पाठवला, की तुमचा तो डबा मोठ्या दुरुस्तीला काढलाय, बघायचा असेल तर या. मधल्या सुट्टीत गेलो. रंग पूर्ण खरवडला होता. कडांना उरलेल्या लाल रंगाखाली तपकिरी, त्याच्याखाली हिरवट, आणि त्याच्याखाली उघडं सागवान.  मिस्त्रींनी बोटानं जमीन दाखवली. डब्याच्या मध्यावर, आडव्या सरळ रेषेत, लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली भोकं होती. त्याच रेषेत भिंतीवर अंगठ्याच्या रुंदीचा फिकट पट्टा, खालपासून छपरापर्यंत. पूर्वी तिथं काहीतरी उभं होतं म्हणून जुना रंग तेवढ्या जागी लागलाच नव्हता.

"आता ही बगा," मिस्त्री म्हणाले आणि सुटं केलेलं बाक त्यांनी उलटं केलं.

बाकाच्या मधल्या फळीला खालच्या अंगानं एक चौकोनी ठिगळ मारलं होतं. मिस्त्रींनी पटाशी घालून ते उचकटलं, तसा वरून सपाट बसवलेला लाकडाचा तुकडाही निघाला. खाली चौकोन कापलेला. दोन्ही बाजूंना झडप सरकण्याची खाच, हातांनी गुळगुळीत झालेली. सागवान कोण टाकून देतं? कधीतरी पडदी काढली, सलग बाक बसवलं आणि पडदीचीच फळी त्यात वापरली. वरून रंग दिला. मी बाक वरून चार वेळा मोजलं होतं. खाली वाकून बघायचं मला सुचलं नव्हतं, कारण छोट्या डब्यात बाकाखालचं कुणाला दिसणार नव्हतं.

मी फूटपट्टी काढली. सव्वापाच इंच रुंद, चार इंच उंच. मग फूटपट्टी बाजूला ठेवली आणि त्या चौकोनातून हात पलीकडे घातला. आरामात गेला. मूठ मिटूनही गेला.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. नवा डबा केला. मध्यावर पडदी, पडदीला झरोका, झरोक्याला काडेपेटीच्या पातळ लाकडाची झडप. नखानं सरकवली की सरकायची. बायको म्हणाली, "आधीच्यापेक्षा हा छान झालाय." मी तिला पहिल्यांदाच सगळी हकिगत सांगितली.  तिनं एवढंच म्हटलं, "उद्याच जा."

इंदापूरच्या एस.टी.नं शेळगावच्या फाट्यावर उतरलो. डबा जुन्या धोतरात गुंडाळून छातीशी धरला होता. कालव्याच्या कडेनं चालत त्यांच्या मळ्यात पोचलो. ती छपराच्या सावलीत मिरच्या निवडत होती. मला बघून तिला खरंच आनंद झाला. "या मास्तर, या. किती दिसांनी!" तिनं गूळ-पाणी दिलं. मुलगा पिकाला पाणी धरायला गेला होता. मला बरं वाटलं, आम्ही दोघंच होतो.

मी धोतर सोडलं आणि डबा तिच्यापुढे ठेवला. "मावशी, तुमचं बरोबर होतं. पडदी होती. झरोका होता. चुकलो ते मी."

तिनं वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, काहीशा काळजीनं.

"असं न्हाय, मास्तर. मी चढून बगून आलेय की. तुमीच दाखवलं."

"मी दाखवलं ते चूक होतं. मला ती फळी सापडली. बाकाखाली लावली होती."

"फळीचं काय घिऊन बसलाय. लाकूड हितलं तितं लागतंच. दुसऱ्या कशाची असंल."

मी भोकांचं सांगितलं, भिंतीवरच्या पट्ट्याचं सांगितलं, खाचेचं सांगितलं, सव्वापाच आणि चार इंचांचं सांगितलं. वहीसुद्धा काढली. ती ऐकत होती, दुसऱ्याच्या घरची हकिगत ऐकावी तशी. मधेच एक मिरची उचलून देठ खुडून टाकला.

"मावशी, एकदा सरकवून तरी बघा."

माझ्या समाधानासाठी तिनं बोटानं झडप सरकवली, पुन्हा लावली. "ब्येस केलंय," म्हणाली. मग हात पदराला पुसले आणि शांतपणे बोलली.

"कसं हाय मास्तर, त्येंचं तोंड मला कधीच आठवत न्हाय. उजेडात बगितलंच कुठं. पर डोळं मिटलं की पडदी दिसायची, मग झरोका दिसायचा, मग त्यातनं हात यायचा. रोज दिसायचा. तुमी त्यो डबा दाखवलात, तवापासनं डोळं मिटलं की त्यो मोकळा डबाच येतो. तुमी काठी आपटत चाललाय, आन् मी मागनं. पडदीच न्हाय, मग हात कुठनं येनार?"

मला रडू आलं. चाळिशीला टेकलेला माणूस मी, तिच्यापुढे बसून धोतराच्या टोकानं डोळे पुसत होतो. तिनं मला आणखी पाणी दिलं. डबा ठेवून घ्या म्हणालो तर म्हणाली, "हितं नातवंडं मोडतील, शाळंत ठेवा." तिनंच तो धोतरात गुंडाळला, गाठ मारली, वर पिशवीभर मिरच्या दिल्या आणि कुंपणापर्यंत सोडायला आली.

"वाईट वाटून घिऊ नका, मास्तर," ती म्हणाली. "तुमी खरं व्हतं तेच सांगितलं."

मी पुन्हा एकदा सांगायचा प्रयत्न केला. ती मान हलवत राहिली, समजूत घालावी तशी, आणि फाट्याकडे एस.टी.ची धूळ दिसली तेव्हा म्हणाली, "पळा, गाडी जाईल."